आमच्या नावाचं रामेन

७ फेब्रुवारी, बुधवार. किताकाता

गुडघ्यांना गरम झऱ्याचं पाणी लागतं म्हणून चालले आहे, असं गल्लीत सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते फक्त शेजारच्या हिसाएला माहीत. तिचं तोंड बंद ठेवायचं तर तिला सोबत आणण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या गावी, गोसेनला, गाडीत बसल्यापासून इथे पोचेपर्यंत तिनं माझ्या डब्यातलं मुळ्याचं लोणचं सारखं चघळलं आणि सारखं एकच विचारलं, "सुमिए, तू तिथे जाऊन नक्की करणार काय आहेस?"

करणार काय म्हणजे? नाव उतरवायला लावणार.

सगळं इथे नीट लिहून काढते, म्हणजे सुनेसमोर उभी राहिले की रागानं जीभ अडखळणार नाही. माझा मुलगा तोमोहिरो दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. पन्नाशीसुद्धा गाठली नाही त्यानं. एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवल्या आणि जेवायला बसलेल्या पाहुण्यांसमोर मी सुनेला, चिहारूला, सरळ सांगितलं. आता तू माझ्याकडे राहायला ये, देव्हारा, थडगी, माझं म्हातारपण, सगळं आता तुलाच बघायचं आहे. यात वावगं काय होतं? मीही माझ्या सासूचं केलं. चिहारूनं सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं वर्षानुवर्षं केलंच होतं की, तोंडातून चकार शब्द न काढता. ती मान खाली घालून "हो" म्हणाली. आणि महिन्याभरात नगरपालिकेत जाऊन कागदावर शिक्का मारून आली! नवरा गेल्यावर सासरच्या माणसांशी नातं संपलं, असं सांगणारा कागद असतो म्हणे. सासरच्यांना विचारावं लागत नाही, कळवावंही लागत नाही. मला कळलं ते भलत्याच कामासाठी तोमोहिरोच्या नोंदीचा उतारा काढायला गेले तेव्हा. खिडकीमागचा कारकून मलाच समजावतोय, "कायद्यानं चालतं हे, आजी." कायद्यानं चालतं! तिथल्या तिथे त्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

एवढं करून ही बया माहेरच्या गावी आली, काकाचं बंद पडलेलं रामेनचं, रश्श्यातल्या शेवयांचं, दुकान उघडलं, आणि दारावर नाव लावलं काय, तर तेराओ. आमच्या घराण्याचं नाव! हिसाएच्या भाचीनं फोनमध्ये फोटो दाखवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं नकोत, नाव हवं. आणि विकते तरी काय? रामेन. ज्यानं माझं पोर गेलं तेच. दर रविवारी दोघं नवराबायको गावोगावी रामेन खात हिंडायची. अंत्यविधीच्या दिवशीच मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "खारट खाऊ घालून मारलंस त्याला."

सरायच्या खोलीत हीटर नीट चालत नाही. हिसाए घोरते आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

इथली माणसं सकाळी सातला रामेन खातात. कामावर जायच्या आधी. आमच्याकडे या वेळेला माणसं भात खातात, पण ते असो.

हिसाए उठेना, म्हणून एकटीच गेले. मास्क लावला, गोसेनची लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढली, वर तोमोहिरोच्या बाबांचा जुना चष्मा घातला. आरशात मलाच मी ओळखू येईना.

दारावर निळा कापडी पडदा, नोरेन, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आमचं नाव. अक्षर तरी धड असावं! पहिल्या अक्षराचा ठिपका रेषा सोडून भलतीकडेच पळालेला. कुणा भिकार रंगाऱ्याकडून लिहून घेतलंय कोण जाणे. त्या नावाखालून वाकून आत जाताना माझी मान ताठ झाली होती. मीच आमच्या नावापुढे वाकून आत जायचं!

आत शिरल्याबरोबर तिकिटाचं यंत्र आहे. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, तिकीट काउंटरवर ठेवायचं. एक शब्द बोलावा लागत नाही. माझ्या पथ्यावरच पडलं. वाफेत उभ्या चिहारूच्या डोक्याला पांढरा रुमाल, चेहरा सुकलेला, हात मात्र भराभर चाललेले. तिकीट उचलताना तिचा हात जरा थबकला, मग तिनं वर न बघताच रॉकेलच्या शेगडीजवळची कोपऱ्यातली जागा दाखवली. शेगडीजवळ! लोकरीच्या टोपीत मी भाजून निघाले. टोपी काढायची सोय नव्हती.

वास चांगला होता, हे लिहायला हवं. सुकटीचा आणि डुकराच्या हाडांचा, खूप वेळ मंद शिजलेला. पण वाडगा समोर आला आणि खायला म्हणून मास्क काढला, तेव्हा लक्षात आलं की मास्क लावून रामेन खाता येत नाही. एवढी साधी गोष्ट मला कशी सुचली नव्हती! तोंड वाडग्यात खुपसून बसले. वाफ होती म्हणून निभावलं.

आता रामेनबद्दल. शेवया मऊ, पार शिजून गेलेल्या. मांस इतकं बारीक कापलेलं की दाताखाली काही येईचना. आणि रस्सा? नुसतं गरम पाणी. चव म्हणून नाही. दुकान चालवते म्हणे! शेजारी एक बुटका म्हातारा बसला होता, बर्फ ढकलायची गाडी चालवतो, त्याला सगळे साकुमा म्हणत होते. तो वाडगा तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, "जिवात जीव आला" म्हणाला आणि वर खारवलेल्या भाजीची वाटी चाटूनपुसून खाल्ली. प्रत्येकाच्या समोर ती वाटी होती. माझ्यासमोर नाही. फुकटची वाटीसुद्धा हिला माणूस बघून द्यावीशी वाटते.

मी रस्सा तसाच ठेवून उठले. रिकामा वाडगा म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला नमस्कार. मी भरलेला ठेवला. बोलायचं होतं, पण बाहेर रांग लागली होती, आणि चारचौघांत तमाशा करायला मी काही तिच्यासारखी नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

परत गेले. पहिल्या दिवशी घाईत तसं झालं असेल, उगाच कुणावर अन्याय नको.

तेच. तीच शेगडी, त्याच मऊ शेवया, तेच पाणी. वाटी नाही. रस्सा ठेवून आले. आज तिनं वाडगा उचलताना त्यात वाकून पाहिलं, किती उरलाय ते. उरलाय, बाई, सगळाच उरलाय!

दुपारी बसनं गरम झऱ्यावर गेलो. पाण्यात बसल्या बसल्या हिसाए म्हणाली, "मग? बोललीस का तिच्याशी?"

"गर्दी होती."

"सुमिए, नगरपालिकेच्या कारकुनाला तू सगळ्या गावासमोर झाडलंस. तुला गर्दी कधीपासून आडवी यायला लागली?"

तिला पाण्यात बुडवावंसं वाटलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

आज हिसाए बरोबर आली. सुट्टीचा दिवस म्हणून बाहेरगावचे लोक आलेले, बर्फात रांग. आत दोघींना शेजारी जागा मिळाली नाही, ती मधल्या बाकावर, मी माझ्या शेगडीपाशी. ती जागा रिकामीच होती. एवढ्या गर्दीत तिथे कुणी बसत कसं नाही, देव जाणे.

हिसाए खाते तेव्हा आजूबाजूच्या चार माणसांना कळतं. "अगंबाई! अगंबाई, काय रस्सा आहे!" मी लांबूनच डोळे वटारले. तिनं वाडगा उलटा करायचा तेवढा बाकी ठेवला. बाहेर आल्यावरही तेच. "अगं, जिभेवर नुसतं नाचतंय. तुला आवडलं नाही?"

"तुझ्या जिभेला काय, काहीही चालतं."

"आणि ती भाजी! किती छान खारवलीय."

म्हणजे वाटी तिलाही मिळाली. पहिल्यांदा आलेल्या परक्या बाईला मिळाली. मी पुढे चालत राहिले. मग साकुमा म्हातारा मागून आला, आमच्याकडे बघून टोपी काढली आणि म्हणाला, "या बाईच्या रश्श्यात दम आहे हो. डॉक्टर माझ्या नावानं ओरडतो, पण मी काही ऐकत नाही." मी म्हटलं, "ऐका. खारट खाऊन माणसं मरतात." त्याचा चेहरा उतरला. बरं झालं.

खारट खाण्यावरून आठवलं ते लिहिते. तोमोहिरो रविवारचं ते हॉटेलातलं खाऊन संध्याकाळी माझ्याकडे यायचा. बाहेरच्या अन्नावर उतारा म्हणून मी त्याला घरचं द्यायचे. मुळ्याचं लोणचं, खारवलेला मासा, माझ्या हातचे खारवलेले प्लम, आठवडाभर पुरेल इतकं, डबे भरभरून. पोराचा जीव होता त्यावर. रात्रीच्या भातावर माझं लोणचं नसेल तर त्याला जेवण जायचं नाही. आणि चिहारू? डबा घेताना तोंड वाकडं. "आई, या वेळी थोडं कमी द्या ना." दर वेळी तेच! माझ्या हातचं तिच्या घरात गेलेलं तिला कधी खपलंच नाही. पुढे पुढे तर मी डबा तिच्या हातात न देता त्याच्याच पिशवीत घालायचे, तळाशी, दिसणार नाही असा. तो हसायचा आणि म्हणायचा, "आई, तू पण ना."

आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. मुलाला आईच्या हातचं खाऊ न देणारी बाई, आणि आज त्याचंच नाव लावून परक्यांना जेवायला घालते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दुकानाला सुट्टी. नोरेन आत काढून ठेवलं होतं, दारावर नुसता बांबू. तरी मी त्या बाजूनं चक्कर मारून आले. कशाला गेले कोण जाणे. न्याहारीला सरायवाल्यानं मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप दिलं, मी माझं लोणचं काढलं. हिसाए म्हणाली, "सकाळची रक्तदाबाची गोळी घेतलीस?" घेतली नव्हती. आठवण करून द्यायला आता घरात कुणी नसतं, तर विसरते.

काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं आहे. उद्या बोलणार. परवा परत जायचं आहे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार

बाही अजून ओली आहे, तशीच लिहायला बसले.

सकाळी मरणाचा बर्फ. माझा बूट दारात रुतला, म्हणून हिसाए माझ्या आधी आत शिरली आणि थंडीनं काकडत सरळ शेगडीजवळच्या जागेवर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी. तिकिटं आम्ही दोघींनी काउंटरवर ठेवली. चिहारूची पाठ आमच्याकडे होती, ती शेवयांतलं पाणी झटकत होती. मग तिनं न बघताच दोन वाडगे ठेवले, एक शेगडीच्या जागेपुढे, एक माझ्यापुढे.

मी पहिला घोट घेतला.

हे कसं लिहू? जीभ खडबडून जागी झाली. सुकटीचा तो वास, त्यामागून हाडांचा गोडवा, आणि त्या दोघांना धरून ठेवणारा सोया सॉसचा खमंग, काळा खारटपणा. शेवया रुंद, वळ्यावळ्यांच्या, दाताला बरोबर अडणाऱ्या. कवळीचं भान राहिलं नाही. मांसाचा तुकडा जाड, कडेची चरबी तोंडात विरघळणारी. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. टोपी मी काढली होती, ते नंतर लक्षात आलं. असं काही मी गेल्या दोन वर्षांत खाल्लं नव्हतं. त्याच्या आधी खाल्लं होतं की नाही, तेही आठवेना. एक क्षण वाटलं, तोमोहिरो दर रविवारी यासाठी एवढा लांब जायचा तर. आणि वाडगा उचलून तोंडाला लावला.

शेजारून हिसाए ओरडली, "अगंबाई, आज काय झालंय याला? भांडी विसळलेलं पाणी आहे नुसतं!"

चिहारू गर्रकन वळली. तिनं हिसाएकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काउंटरवरून वाकून माझ्या हातातला वाडगा हिसकावला. हिसकावला! रस्सा माझ्या बाहीवर सांडला.

"तो तुमचा नाही! किती प्यायलात?"

साकुमा म्हाताऱ्याच्या शेवया तोंडाबाहेर लोंबत होत्या.

"म्हणजे तू ओळखलं होतंस मला," मी म्हटलं.

"पहिल्याच दिवशी. चष्मा बाबांचा आहे. त्याची काडी मीच दोऱ्यानं बांधली होती."

"ओळखून, जाणूनबुजून मला पाणी पाजलंस? पाहुण्यांना रस्सा आणि सासूला धुवण?"

"रस्सा सगळ्यांना एकच असतो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "मीठ वाडग्याच्या तळाला आधी घालायचं असतं, ज्याचं त्याला. तुमच्या वाडग्यात मी नावापुरतं घालते. सकाळची गोळी घेतलीत का?"

"माझ्या गोळ्यांशी तुझा काय संबंध? शिक्का मारून नातं तोडून आलीस ना?"

"हो, तोडलं. नाहीच संबंध. तेव्हा विचारावं लागायचं, आता माझ्या मनात आलं म्हणून विचारते. घेतलीत की नाही?"

असलं उद्धट उत्तर तिनं आमची सून असताना कधी दिलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. पाठ केलेलं सगळं विसरले आणि तोंडाला येईल ते बोलले. सासऱ्यांचं केलंस म्हणून मिरवू नकोस, म्हटलं. मला एकटीला टाकून पळालीस, म्हटलं. "याच खारट पाण्यानं तू माझ्या पोराला मारलंस, आणि त्याच्याच नावानं आता धंदा करतेस!"

"तोमोहिरोला मीठ कुठून—" ती म्हणाली, आणि थांबली. मग फडक्याला हात पुसले. "काही नाही."

अर्धं बोलून थांबायची तिची खोड जुनीच.

"नाव उतरव," मी म्हटलं. "आमचं आहे ते. तुझं काही नाही त्यात."

ती काउंटरच्या मागून बाहेर आली. तशीच, नुसत्या ॲप्रनवर, बर्फात गेली. बांबू खाली घेतला, नोरेन ओढून काढलं, झटकलं, चौघडी घातली आणि आत येऊन माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं.

"घ्या, तेराओबाई."

तेराओबाई! माझी सून मला तेराओबाई म्हणते! वर साकुमा म्हातारा तिकडून पुटपुटला, "आजी, जिंकलात बुवा." त्यालाही दोन शब्द सुनावले आणि बाहेर पडले.

हिसाए सरायपर्यंत बोलली नाही. हिसाए बोलत नाही म्हणजे काय ते गोसेनमध्ये कुणालाही विचारा. खोलीत आल्यावर एवढंच म्हणाली, "मला कुणी असं मोजून मीठ घालत नाही, सुमिए. माझ्या तीन सुना आहेत, कागदावर पक्क्या."

याचा अर्थ काय घ्यायचा मी?

त्याच दिवशी, संध्याकाळ

नोरेन ओलं होतं, म्हणून हीटरच्या वर पसरलं. सगळ्या खोलीला रश्श्याचा वास. खिडकी उघडली तर बर्फ आत येतो, म्हणून वास सहन करत बसले.

काही काम नव्हतं. समोर आमचं नाव. बघता बघता तो पळालेला ठिपका डोळ्यात सलायला लागला. भिकार रंगारी. ठिपका रेषेच्या आत हवा, इतकं शाळेतल्या पोराला कळतं. शाळेत असताना तोमोहिरोचाही ठिपका असाच पळायचा. रोज संध्याकाळी त्याला शेजारी बसवून मी पानंच्या पानं आमचं नाव लिहून घ्यायचे, पट्टीनं बोटावर मारायचे, आणि तो रडत रडत म्हणायचा, "आई, तो ठिपका आपोआप पळतो." मोठा झाला, लग्न झालं, तरी पळायचाच. नवीन वर्षाच्या प्रत्येक शुभेच्छापत्रावर. मी प्रत्येक वर्षी चिडायचे.

उठून जवळ गेले. हात फिरवून पाहिला. रेषेचं शेवटचं वळणही तेच, घाईचं.

रंगाऱ्याचं नाहीच ते अक्षर. तिच्याकडे त्याची पत्रं असतील, त्यातलं एखादं नाव मोठं करून कापडावर उमटवून घेतलं असणार. माझ्या मुलाचं अक्षर, एवढं मोठं, रस्त्यावर, रोज, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं. आणि मला सांगितलं नाही. विचारलं तर नाहीच, पण सांगितलंसुद्धा नाही! तिनं सांगायला हवं होतं. दुपारी मी एवढी बोलले, तेव्हा तरी सांगायचं. कापड हातावर ठेवलं आणि तेराओबाई म्हणाली. असली माणसं मला समजत नाहीत, कधीच समजली नाहीत.

खूप राग आला. रडूही आलं, पण जास्त रागच होता.

१४ फेब्रुवारी, बुधवार. गाडीत

सकाळी बर्फ थांबला होता. गाडीला वेळ होता, पण हिसाएला सामान बांधायला लावून मी लवकर बाहेर पडले. पिशवीत नोरेन होतं. ते घेऊन घरी जायचं आणि कपाटात ठेवायचं असं ठरलं होतं. नुसतं एकदा बघून यावं म्हणून गेले.

दुकान उघडं होतं. दिवा लागलेला, नळकांड्यातून वाफ बाहेर येत होती, वास चौकापर्यंत. फक्त दारावर नुसता बांबू. मी समोरच्या बाजूला एका छपराखाली उभी राहिले.

शाळेचे दोन शिक्षक आले. दाराकडे बघितलं, बांबूकडे बघितलं, एकमेकांना "आज बंद" म्हणाले आणि गेले. मग एक बाई आली, तीही तशीच वळली. मग आणखी तिघं. एकानंही दाराला हात लावून बघितला नाही. आत दिवा आहे, वाफ निघते आहे, वासानं नाक भरून गेलंय, तरी नोरेन नाही म्हणजे दुकान बंद! ठार आंधळी माणसं. आत चिहारूची सावली काचेमागे एका जागी उभी होती. वाडगे मांडून. ती बाहेर येऊन कुणाला हाक मारणार नाही, हे मला माहीत होतं. हाक मारायची तिला सवयच नाही. तिनं कधी मला तरी एक हाक मारली का? आणि एवढं शिजवलेलं आता ओतून देणार!

शेवटी साकुमा म्हातारा गाडी उभी करून आला. बांबूकडे बघून त्यानं टोपी काढली, मान हलवली आणि वळला.

माझ्यानं राहवेना. "अहो! वळताय कुठे?" मी रस्त्यापलीकडून ओरडले. "वाफ दिसत नाही का? नाक आहे की नाही?"

"नोरेन नाही ना, आजी."

"नोरेन नाही तर काय झालं? आत माणूस आहे ना!"

"तुम्हीच नेलंत ना काल," तो म्हणाला.

रस्ता ओलांडून गेले. पिशवीतून नोरेन काढलं. माझा हात पोचेना, गुडघा वाकेना. "बघत काय बसलाय? बांबू खाली घ्या," मी त्याच्यावर खेकसले. त्यानं बांबू खाली घेतला, मी नोरेन त्यात ओवलं, बोटं गारठून गेली होती. दोनदा उलटं ओवलं. तिसऱ्यांदा सरळ आलं. म्हाताऱ्यानं बांबू परत अडकवला. मी मागे जाऊन पाहिलं. डावीकडे जरा खाली होतं, ते त्याला वर करायला लावलं. ठिपका मात्र पळालेला तो पळालेलाच.

तेवढ्यात दार सरकलं. चिहारू दारात. तिनं नोरेनकडे बघितलं. मग मीच बोलले, कारण आमच्या दोघींत बोलणारी नेहमी मीच.

"अक्षर नीट नाही. मी त्याला शंभरदा सांगितलं होतं."

"हो. तो सांगायचा मला," ती म्हणाली. "आई, आत या. दार उघडं राहिलं तर शेगडीची ऊब जाते."

आत गेले. तिकीट काढलं, काउंटरवर ठेवलं, शेगडीजवळ बसले. तिनं रिकामा वाडगा माझ्यासमोर धरला, पळीत मीठ किती घेतलं ते मला दिसेल असं. पळीच्या टोकापुरतं. रस्सा बेचवच होता. शेवया मऊ. पण मी वाडगा उचलला आणि प्यायले, तळाशी वाडग्याची नक्षी दिसेपर्यंत. साकुमा म्हातारा बघत होता. "पुढे बघून खा," मी म्हटलं.

वाडगा ठेवला. ती आली, तिनं वाडग्यात वाकून पाहिलं, आणि वाडगा घेऊन गेली. बराच वेळ तिची पाठ माझ्याकडे होती. नळ सोडलेला होता.

आता गाडी डोंगरातून चालली आहे. हिसाएनं गाडीत बसल्या बसल्या भाताचे गोळे काढले आणि हात पुढे केला, "लोणचं दे." मी म्हटलं, संपलं. "संपलं? सकाळी तर डबा..." संपलं म्हटलं ना, मी म्हटलं.

संपलेलं नाही. डबा माझ्या मांडीवर आहे, पिशवीत, तळाशी. तो उघडायचा विचार आला तरी चिहारूचं ते अर्धं वाक्य कानात वाजतं, आणि मग मला त्या लोणच्याचाच राग येतो. कशाला तिनं अर्धं सोडलं? बोलायचं तर पूर्ण बोलायचं. पुढच्या वेळी तिला सांगणार आहे, पूर्ण बोल.